गावच्या आरओ प्लांटचं पाणी कमी झालं, टीडीएस वाढला? मेम्ब्रेन बदलायच्या आधी हे तपासा

"भाऊ, पाणी लयच कमी येऊन राह्यलं. मेम्ब्रेन गेला वाटते. नवीन केवढ्याले येते?"

असे फोन मला महिन्यातून चार-पाच तरी येतात. मी विचारतो, वहीत मागच्या महिन्याचे आकडे काय आहेत? तिकडून उत्तर, "कोणती वही?" मग मी म्हणतो थांब बाप्पा, काही मागवू नको, मी येतो. जाऊन पाहिलं की बऱ्याच ठिकाणी मेम्ब्रेन (पाण्यातलं मीठ अडवणारा आरओचा गुंडाळलेला पडदा) ठणठणीत निघतो आणि दुखणं दुसरीकडेच असतं, आणि जिथे तो खरंच गेलेला असतो तिथे कशाने गेला हे कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे नवीन टाकला तरी सहा महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो. हजार लिटरच्या प्लांटला ४०४० साइजचे चार मेम्ब्रेन लागतात, म्हणजे पाच-सात क्विंटल कापसाचे पैसे एका दुपारी पाइपात गेले समजा.

आपल्याकडे हे प्लांट शोभेला नाहीत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या भागात बोअरचं पाणी खारट, यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत फ्लोराइड, आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडे पाण्याला लोह. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ५०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. फ्लोराइड १ आणि जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. खारपाणपट्ट्यात २००० ची हद्द ओलांडणारी बोअर शोधावी लागत नाही. म्हणून प्लांट बंद पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन घेऊन लोक दारात उभे राहतात आणि ऑपरेटर घाबरून सांगतो, मेम्ब्रेन बदला.

आधी वही

दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेला पेन, एवढंच लागतं. रोज प्लांट सुरू करून अर्धा तास झाला की सात आकडे लिहायचे: बोअरचा टीडीएस, गाळलेल्या पाण्याचा टीडीएस, मेम्ब्रेनच्या आधीचं प्रेशर, रिजेक्टकडचं (नालीत जाणाऱ्या खाऱ्या पाण्याकडचं) प्रेशर, दोन्ही रोटामीटर (गोड आणि रिजेक्ट पाणी किती वाहतंय ते दाखवणाऱ्या काचा), आणि पाण्याचं तापमान. तापमान कशाला असं सगळेच विचारतात, पुढे सांगतो.

रोटामीटरवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका, काचेत शेवाळ धरलं की आतला तरंगता तुकडा अडकतो आणि पाणी निम्मं झालं तरी तो जागचा हलत नाही. २० लिटरची कॅन आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. हजार लिटरचा प्लांट असेल तर कॅन ७२ सेकंदांत भरली पाहिजे, पाचशेचा असेल तर १४४ सेकंदांत. रिजेक्टचंही तसंच मोजा.

या आकड्यांतून दोन हिशेब काढायचे. पहिला, मेम्ब्रेन मीठ किती अडवतो. बोअर १८००, गाळलेलं ७०, म्हणजे १७३० अडवलं, भागिले १८००, साधारण ९६ टक्के. हेच ७० चं १४० झालं तर अडवणं ९२ वर येतं, ऐकायला फार वाटत नाही पण मेम्ब्रेनमधून निसटणारं मीठ दुप्पट झालंय हे लक्षात घ्या. दुसरा हिशेब रिकव्हरीचा, म्हणजे आत गेलेल्या पाण्यातलं किती प्यायला मिळालं. हजार गोड आणि हजार रिजेक्ट म्हणजे ५० टक्के, तेव्हा रिजेक्टमधलं मीठ बोअरच्या दुप्पट होतं. रिकव्हरी ७५ वर नेली की ते चौपट होतं. चौपट झालेलं पाणी आपल्याकडच्या जड पाण्यात चुना धरल्याशिवाय राहत नाही. पडताळा पण सोपा आहे, रिजेक्टचा टीडीएस मोजा, ५० टक्क्यांवर तो बोअरच्या जवळजवळ दुप्पट यायला पाहिजे, नाही आला तर तुमचा कुठलातरी रोटामीटर खोटं बोलतोय.

प्लांट नवीन असताना, किंवा मेम्ब्रेन बदलल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आलेले आकडे भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. पाणी १० टक्क्यांनी कमी, किंवा मीठ निसटणं ५ ते १० टक्क्यांनी जास्त, किंवा आतल्या-बाहेरच्या प्रेशरमधला फरक १५ टक्क्यांनी वाढला, यातलं काहीही झालं की धुवायची वेळ आली. निम्मं पाणी होईपर्यंत थांबलात तर घाण घट्ट बसते आणि मग धुऊनही निघत नाही.

जी दुखणी दुखणी नसतात

थंडी. मेम्ब्रेनमधून पाणी किती येणार हे पाण्याच्या तापमानावर असतं, एका डिग्रीला साधारण ३ टक्के. बोअरचं पाणी तसं बारा महिने सारखंच असतं पण आपण ते आधी छतावरच्या किंवा उघड्यावरच्या टाकीत भरतो, आणि डिसेंबरात रात्रभर गार पडलेलं ते पाणी सकाळी सहाला प्लांटला देतो. ३० डिग्रीला हजार लिटर देणारा प्लांट २० डिग्रीला सव्वासातशे-साडेसातशेच देतो. काही बिघडलेलं नसतं. दुपारी परत मोजा, वाढलेलं दिसेल. उन्हाळ्यात उलटं होतं, पाणी भरपूर येतं आणि टीडीएस पण चढतो, कारण गरम पाण्यात मीठही जास्त निसटतं. मात्र मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलं असेल तर जपा, या मेम्ब्रेनची मर्यादा ४५ डिग्री आहे.

बोअरच बदलली. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बऱ्याच बोअरचा टीडीएस वाढतो. दर १००० टीडीएसमागे साधारण पाऊण किलो प्रेशर नुसतं त्या मिठाला हरवण्यात जातं (आमच्या धंद्यात प्रेशर किलोतच बोलतात, एक किलो म्हणजे जवळपास एक बार). बोअर २००० ची ३५०० झाली तर त्याच प्रेशरला पाणी कमीच येणार.

लाइट. हे मी मुद्दाम सांगतो कारण यात माझी स्वतःची एक चक्कर फुकट गेली आहे. डीपीवर काम झालं, फेज बदलले, आणि थ्री फेजचा हाय प्रेशर पंप उलटा फिरायला लागला. पंप उलटा फिरला तरी पाणी फेकतो, फक्त प्रेशर धरत नाही. ऑपरेटर फोनवर सांगतो मोटर चालू आहे, आवाज आहे, पाणी नाही. मी ऐंशी किलोमीटर गेलो, पंख्याचं कव्हर पाहिलं, बाणाच्या उलट फिरत होता, स्टार्टरमधल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून प्रेशर कमी म्हणाला की मी आधी विचारतो, गावात लाइटीचं काम झालं का? व्होल्टेज कमी असलं तरी असंच होतं. १० किलोचं ७ किलो प्रेशर असेल तर मेम्ब्रेनला हात लावायचाच नाही, आधी पंप, व्होल्टेज, आणि पंपाच्या मागचं चोक झालेलं फिल्टर.

सकाळचा टीडीएस. रात्रभर प्लांट बंद असला की खाऱ्या बाजूचं मीठ हळूहळू गोड बाजूला झिरपतं, म्हणून सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस दोनशे-तीनशे दिसतो. ते पाणी सोडून द्या आणि अर्ध्या तासाने मोजा.

मेम्ब्रेनच्या आधीचं सामान

सँड फिल्टर (वाळूचा), कार्बन (क्लोरीन काढणारा कोळशाचा फिल्टर), डोसिंग (औषध सोडणारा छोटा पंप), स्पन (बारीक गाळ धरणारं पांढरं नळकांडं). मेम्ब्रेनचा जीव या चौघांच्या हातात आहे आणि सगळ्यात कमी लक्ष यांच्याकडेच असतं.

सँड फिल्टरच्या आधी आणि नंतर गेज लावलेलं असतं, फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की बॅकवॉश, दहा-पंधरा मिनिटं, नळीतून साफ पाणी येईपर्यंत. बॅकवॉश करूनही फरक उतरत नसेल तर वाळूत चिखलाचे गोळे झालेत, झाकण खोला आणि हात घालून पाहा. उलट फरकच दिसत नाही पण स्पन दोन दिवसांत तपकिरी होतो, तर पाणी वाळूत भोक पाडून सरळ जातंय किंवा मल्टिपोर्टमधलं (फिल्टरवरच्या व्हॉल्व्हमधलं) रबर फाटलंय. स्पनच्या भांड्यात वाळूचे कण सापडले तर खालचा स्ट्रेनर तुटला समजा.

स्पन काढला की लगेच फेकू नका, सुरीने उभा चिरा. बाहेरचा थर मळका आणि आत पांढरा असेल तर तो आपलं काम करतोय. आतपर्यंत एकसारखा मळला असेल तर उशिरा बदललात. लालसर असेल तर लोह, काळी पूड असेल तर कार्बन झिजून येतोय, आणि हाताला बुळबुळीत लागून वास येत असेल तर जंतूंची वस्ती झाली आहे, आणि ती पुढे मेम्ब्रेनवरही असणार. लोहाची शंका असेल तर बोअरचं ताजं पाणी पांढऱ्या बकेटीत रात्रभर ठेवा, काढलं तेव्हा काचेसारखं असतं आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ.

पावसाळ्यात विहिरीचं किंवा नदीचं पाणी प्लांटला देत असाल तर काळ्या मातीचा विचार करा. ही माती इतकी बारीक की वाळूतून सहज निघून जाते आणि पाच मायक्रॉनच्या स्पनमधूनही बरीच जाते. आधी टाकीत तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. तुरटी जास्त झाली तर तिचाच चिकट थर मेम्ब्रेनवर बसतो, त्यामुळे "अजून एक खडा टाक" करू नका.

आता डोसिंग पंप. टिक-टिक आवाज येतो म्हणून सगळे समजतात औषध जातंय. आवाजाचं काही खरं नाही, नळीत हवा अडकली की पंप टिकटिकत राहतो आणि अँटिस्केलंटचा (चुना धरू न देणाऱ्या औषधाचा) थेंब पुढे जात नाही. हिशेब करा: ५० टक्के रिकव्हरीला हजार लिटर गोड पाण्यासाठी दोन हजार लिटर बोअरचं पाणी आत जातं, दहा तासांत २०,००० लिटर, आणि औषध दर लिटरला ४ मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला ८० ग्रॅम संपायला पाहिजे. तुम्ही ते पाण्यात किती पातळ करता त्यावर टाकीची पातळी किती उतरेल ते ठरवा, सकाळी मार्करने रेघ मारा आणि संध्याकाळी पाहा. एका गावात मला ऑपरेटर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "भाऊ, दिवाळीत भरलेली टाकी अजून अर्धी हाय, लय किफायतशीर औषध हाय." तेव्हा होळी जवळ आली होती. शेवटचा मेम्ब्रेन आम्हाला हाउसिंगमधून (मेम्ब्रेन ज्यात बसतो त्या नळकांड्यातून) लाकडाने ठोकून काढावा लागला.

तीन आकडे एकत्र वाचा

आता पाणी, टीडीएस आणि प्रेशरमधला फरक, हे तिन्ही सोबत पाहायचे. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, डॉक्टरने नुसता ताप पाहून औषध दिल्यासारखं होतं.

पाणी कमी, टीडीएस जास्त, आणि प्रेशरचा फरकही थोडा वाढलेला, हे चुन्याचं लक्षण. चुना नेहमी शेवटच्या मेम्ब्रेनपासून सुरू होतो कारण तिथे पाणी सगळ्यात खारं झालेलं असतं.

प्रेशरचा फरक भराभर वाढला, पाणीही उतरतंय, पण टीडीएस जवळपास तेवढाच, तर गाळ किंवा जंतूंचा बुळबुळीत थर, आणि तो पहिल्या मेम्ब्रेनवर. एका मेम्ब्रेनवर फरक एक किलोच्या वर जाऊ देऊ नका, आतल्या गुंडाळ्या दुर्बिणीसारख्या बाहेर सरकतात आणि मग तो धुऊन उपयोगाचा राहत नाही.

पाणी कमी, पण टीडीएस तेवढाच किंवा आणखी चांगला, प्रेशरचा फरक जसाच्या तसा. यात आधी थंडी आणि पंप तपासा, ते दोन्ही ठीक असतील तर तेलकट किंवा सेंद्रिय काहीतरी चिकटलंय.

पाणी वाढलं आणि टीडीएसही वाढला, हे सगळ्यात वाईट, कारण पाणी वाढलं म्हणून सगळे खुश असतात आणि फोन कोणी करत नाही. याचं खाली वेगळं सांगतो.

आणि टीडीएस एका रात्रीत उडी मारून वर गेला, बाकी सगळं तसंच, तर ओ-रिंग (जोडातलं गोल रबर) गेली. मेम्ब्रेन खराब होतो तो आठवड्या-महिन्यांत, ६० चा रात्रीत ४०० होत नाही.

कोणत्या हाउसिंगमध्ये दुखतंय

प्रत्येक हाउसिंगच्या गोड पाण्याच्या नळीतून वेगवेगळा नमुना घ्या. सॅम्पलचा नळ नसेल तर युनियन थोडी सैल करून ग्लासात पाणी धरा, त्या बाजूला प्रेशर नसल्यातच जमा असतं. एकामागे एक चार हाउसिंग असतील तर आकडे पायऱ्यांसारखे चढत जातात, समजा ४५, ५२, ६१, ७४. हे बरोबर आहे, पुढच्या मेम्ब्रेनला जास्त खारं पाणी मिळतं म्हणून त्याचं थोडं जास्त येणारच. पण ४५, ५२, १९०, ७४ आलं तर तिसऱ्यात काहीतरी आहे. १५०, ५२, ६१, ७४ आलं तर पहिला, तिथे क्लोरीनचा संशय घ्या. ४५, ५२, ६१, १८० आलं तर शेवटच्यात चुना.

एका लांब हाउसिंगमध्ये दोन मेम्ब्रेन असतील तर सलाइनच्या नळीसारखी बारीक प्लास्टिकची नळी गोड पाण्याच्या तोंडातून आत सरकवा आणि दर फुटावर थांबून टीडीएस मोजत जा. दोन मेम्ब्रेनच्या जोडावर आकडा उसळला तर जोडाची ओ-रिंग गेली आहे.

आमच्या तालुक्यातल्याच एका गावाची गोष्ट. टीडीएस ४०० वरून उतरत नव्हता म्हणून त्यांनी आधीच चारही मेम्ब्रेन नवे टाकले होते, कोणीतरी बाहेरून येऊन टाकून गेला होता, आणि टीडीएस ३८०. सरपंच म्हणाले, "नवे बी खराबच निघाले काय गा?" मी चारही हाउसिंग तपासले, तीन ५० च्या आत, एक हजाराच्या पुढे. खोललं तर एंड कॅपची ओ-रिंग पिळून खाचेच्या बाहेर आली होती, एका जागी चिमटून तिचा तुकडाच उडालेला. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू. जुने चार मेम्ब्रेन भिंतीला टेकून उन्हात वाळत पडले होते, आणि वाळलेला मेम्ब्रेन परत पाणी देईल याची काही खात्री नसते, म्हणजे चांगले असतीलही तरी गेले. ओ-रिंग बसवताना ग्लिसरीन लावायचं. ग्रीस, खोबरेल, व्हॅसलीन काही नाही.

खोलून पाहायचं तेव्हा

प्लांट बंद, प्रेशर शून्य, मग एंड कॅप. मेम्ब्रेन पाण्याच्या दिशेनेच काढायचा आणि घालायचा, म्हणजे मागून बाहेर ओढायचा. कोणता कोणत्या जागेवरचा ते मार्करने लिहा, नाहीतर बाहेर चार सारखे नळकांडे पडलेले आणि पहिला कोणता शेवटचा कोणता कोणालाच आठवत नाही. बाहेरचं काळं रबर, ब्राइन सील, त्याचं ओठासारखं तोंड पाणी येतं त्या बाजूला उघडं असायला पाहिजे. उलटं असेल किंवा नसेलच तर पाणी मेम्ब्रेनच्या आतून जाण्याऐवजी बाजूने निसटतं.

पहिल्या मेम्ब्रेनच्या तोंडावर बोट फिरवा. गाळ असेल तर बोटावर मातीचा रंग येतो. बुळबुळ लागली, बोट नाकाशी नेलं आणि तुंबलेल्या नालीसारखा वास आला, तर जंतू. मग शेवटचा घ्या, त्याच्या रिजेक्टच्या टोकाला नख लावा, चुना असेल तर बारीक रव्यासारखं खरखरीत लागतं. ते खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्या आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट, हे धुऊन निघतं, आनंद माना. बुडबुडे नाहीत, तीव्र आम्लाच्या थेंबालाही दाद देत नाही, तर कॅल्शियम सल्फेट किंवा सिलिका, आणि ते गावात बसून निघणं अवघड.

वजन करा. शेतात वेचणीचा कापूस मोजायला जो ताणकाटा असतो तो चालतो. सगळे मेम्ब्रेन उभे करून पंधरा-वीस मिनिटं पाणी निथळू द्या आणि एकेक लटकवा. पहिला आणि शेवटचा यांच्यात किलो-दीड किलोचा फरक आला तर आत काय साचलंय हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

टीसीएल पावडर

ग्रामपंचायतीच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर, म्हणजे क्लोरीन) टाकतो, टाकायलाच पाहिजे, नळाच्या टोकाला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरला पाहिजे. पण आरओच्या मेम्ब्रेनचा वरचा पातळ थर पॉलिअमाइडचा असतो आणि त्याला ०.१ सुद्धा जास्त आहे. म्हणजे जे पाणी प्यायला योग्य ते मेम्ब्रेनला विष.

एका ठिकाणी बोअरची मोटर जळाली, ती येईपर्यंत नळयोजनेचं पाणी प्लांटला जोडलं. कार्बन तीन वर्षं बदललेला नव्हता. पाणी वाढलं, गावात कौतुक झालं, टीडीएस ६० चा ११०, मग १८०, मग ३००. मी पोचलो तेव्हा पहिल्या हाउसिंगचा सगळ्यात जास्त होता आणि पुढे उतरत गेलेला, पायऱ्या उलट्या. क्लोरीनने जळालेल्या मेम्ब्रेनला औषध नाही, धुऊन, भिजवून, काही करून तो परत येत नाही. लोह असलेल्या पाण्यात तर हे अजून लवकर होतं.

तपासणं एवढं सोपं आहे की राग येतो. जलसुरक्षकाकडे ओटीचं (क्लोरीन असला की पिवळं होणारं) द्रावण असतंच, कार्बन फिल्टरच्या नंतरचं पाणी नळीत घ्या आणि थेंब टाका. जराही पिवळं झालं तर प्लांट बंद. आधी कार्बन बदला.

धुणं

कशाने धुवायचं हे काय साचलंय त्यावर आहे, आणि क्रम चुकला तर बिघडतं. जंतू किंवा सेंद्रिय घाण असेल तर आधी कॉस्टिक (सोडा), मग सायट्रिक (लिंबाच्या जातीचं आम्ल). आधी आम्ल टाकलं तर बुळबुळीत थर निघायच्या ऐवजी घट्ट होतो. नुसता चुना किंवा लोह असेल तर सायट्रिक पुरतं.

चार मेम्ब्रेनला शंभर लिटरचा ड्रम घ्या, पाणी गाळलेलंच, बोअरचं नाही. सायट्रिक ॲसिड दोन किलो, पीएच २ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. कॉस्टिक शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नाही, थोडं थोडं टाकत पीएच पट्टीने पाहायचं, १२ च्या वर नको, आणि पाणी ३५ डिग्रीच्या वर तापलेलं नको. प्रेशर कमी ठेवा, दोन-तीन किलो, कारण या वेळी गोड पाणी काढायचं नाही, नुसतं वरून खंगाळायचं आहे. पहिलं परतलेलं वीसेक लिटर मळकं पाणी नालीत सोडा, मग अर्धा तास फिरवा, तासभर भिजत ठेवा, परत अर्धा तास. जंतूंसाठी रात्रभर भिजवलं तर छान. सायट्रिक फिरवताना पीएच २ चा भराभर ३ कडे जात असेल तर आत चुना आहे आणि तो विरघळतोय, अजून थोडं टाका. पीएच हलतच नसेल तर विरघळण्यासारखं काही उरलं नाही किंवा मुळात चुना नव्हताच.

चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, हे मी अंगावर उडवून घेऊन शिकलोय. पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी नाही. आम्ल आणि टीसीएल एकाच खोलीत उघडं ठेवायचं नाही, एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो आणि त्या छोट्या पत्र्याच्या खोलीत जीव जाऊ शकतो. कॉस्टिक आणि सायट्रिकच्या मध्ये प्लांट पाण्याने पूर्ण धुऊन काढा. सगळं झाल्यावर गोड पाणी निदान अर्धा-एक तास सोडून द्या, पीएच आणि टीडीएस पाहा, मगच कॅन लावा.

लोडशेडिंगचं एक. लाइट अचानक गेली की चौपट-दुप्पट खारं पाणी मेम्ब्रेनमध्येच अडकून बसतं आणि तिथेच चुना धरतं. लाइट आल्यावर रिजेक्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाच मिनिटं पाणी वाहू द्या, आणि रोज बंद करताना तर नक्कीच. जमलं तर गोड पाण्याने. आठवडाभरापेक्षा जास्त बंद राहणार असेल, बोअर आटली वगैरे, तर एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात मेम्ब्रेन बुडालेले ठेवा, नाहीतर परत सुरू करताना सडका वास येईल.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांसाठी वेगळं सांगतो, तिकडे फ्लोराइडसाठी ॲक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे फिल्टरही बसवलेले असतात आणि त्यांचं संपलेपण टीडीएस मीटरवर कधीच दिसत नाही. मीटर तेच दाखवतो, चव तीच, पाणीही तेवढंच, आणि फ्लोराइड सरळ पार होत असतं. तिथे फिल्ड टेस्ट किटने फ्लोराइडच मोजायचं, दर महिन्याला, दुसरा इलाज नाही. जंतूंचंही तसंच, टीडीएस ४० असलेलं पाणी दूषित असू शकतं, त्याला एचटूएसची (जंतू तपासायची) बाटली लावा, काळी झाली की टाकी, पाइप सगळं धुवा.

होळीवाल्या त्या प्लांटचं राहिलं. डोसिंग तर बंद होतंच, पण सोबत रिजेक्टचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळत नेला होता, "एवढं पाणी नालीत जाते, पाप हाय" म्हणून. गोड अकराशे, रिजेक्ट पावणेचारशे. ७५ टक्के. २२०० ची बोअर रिजेक्टला ८८०० झाली होती. शेवटचे दोन मेम्ब्रेन बदलावे लागले, पहिले दोन सायट्रिकने परत आले. रिजेक्ट मी ग्रामपंचायतीच्या संडास-बाथरूमच्या टाकीला जोडून दिलं म्हणजे कोणाचा जीव जळणार नाही, व्हॉल्व्ह हजारावर लावला, आणि त्याचं चाक काढून ग्रामसेवकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे.